४० पैशांचं पान, ६० लाखांचा दावा

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक पीडीएफ येऊन पडली. समीक्षेचं एक जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत मोबाइलवर स्कॅन केलेलं. मधल्या काही पानांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही आला होता. खाली ओळ होती: "मुलांना पाठवून द्या. काही होत नाही, दिल्ली हायकोर्टाने शिक्षणासाठी सगळं माफ केलंय."

मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे अशा पीडीएफ मला नव्या नाहीत. मला खटकला तो "माफ" हा शब्द. ज्या निकालाचा हवाला दिला होता तो मी वाचलेला होता. त्यात माफीची भाषाच नाही. त्यात आहे ती हद्दीची भाषा: लेखक-प्रकाशकाचा हक्क कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो. शेजाऱ्याने उदार होऊन त्याच्या रानातून वाट दिली ही एक गोष्ट झाली. ती वाट मुळात त्याच्या सातबाऱ्यात नव्हतीच, ही वेगळी. दिल्लीच्या खटल्यात भांडण या दुसऱ्या गोष्टीवरून होतं. आणि वाट आपली निघाली म्हणून अख्खं रान आपलं होत नाही, हेही त्याच निकालात आहे. ते मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पोचत नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसमध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. तिच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस नावाचं छोटं दुकान. जागा विद्यापीठाने परवान्यावर दिलेली. बदल्यात दुकानाने महिन्याला ३,००० पानांच्या प्रती फुकट काढून द्यायच्या आणि विद्यार्थ्यांकडून पानाला ४० पैसे घ्यायचे, असा करार. आपल्याकडे कॉलेजच्या फाटकाशी जे झेरॉक्सचं दुकान असतं, तेच हे. (झेरॉक्स हे एका कंपनीचं नाव आहे हे आपण केव्हाच विसरलो. "झेरॉक्स मारून आण" असं आपण सहज म्हणतो, आणि मशीन कुठल्या भलत्याच कंपनीचं असतं.)

तिथे चालायचं ते असं. एम.ए.च्या एखाद्या पेपरला शिक्षक वाचनाची यादी देतात: या पुस्तकातलं तिसरं प्रकरण, त्या पुस्तकातली चाळीस पानं, अमक्या संपादित ग्रंथातला एक लेख. ही पुस्तकं ग्रंथालयात असतात, पण एकेक, फार तर दोन प्रती. वर्गात मुलं पन्नास-साठ. म्हणून पुस्तकं दुकानात जायची, नेमलेली पानं निघायची, क्रमाने लावून स्पायरल बाइंडिंग व्हायचं. याला तिथे कोर्स पॅक म्हणतात. एकदा मास्टर कॉपी तयार झाली की पुढचा विद्यार्थी आला, दुकानदाराने गठ्ठ्यातून ती ओढली आणि मशीनवर ठेवली, एवढाच वेळ.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था आणि टेलर अँड फ्रान्सिस ही प्रकाशन कंपनी यांनी मिळून दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी दोन: ते दुकान आणि दिल्ली विद्यापीठ. मागणी कायमच्या मनाई हुकमाची आणि ६० लाख रुपये भरपाईची. कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला कमिशनर दुकानात जाऊन आला. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने दुकानाला कोर्स पॅक करून विकायला तात्पुरती मनाई केली. प्रकाशकांचं म्हणणं वरवर पाहता रास्त वाटावं असं होतं. आम्ही प्रती काढूच नका म्हणत नाही, परवाना घ्या. त्यासाठी इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन ही संस्था आहे, तिला फी भरा आणि काढा.

इथे विद्यार्थी मध्ये पडले, आणि खटल्याचा रंग बदलला. त्यांनी आपली संघटना काढून दाव्यात सामील होण्याची परवानगी मिळवली. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांच्या पुढाकाराने शिक्षक-अभ्यासकांची दुसरी संस्था आली. एकेकाळी याच स्कूलमध्ये शिकवलेले अमर्त्य सेन यांनी, स्वतः ऑक्सफर्डचे लेखक असूनही, प्रकाशकांना पत्र लिहून हा मार्ग सोडा असं सुचवलं. २०१३ च्या मार्चमध्ये ३०९ लेखक-अभ्यासकांनी खुलं पत्र काढलं. त्यांतले ३३ जण असे होते की वादातल्या कोर्स पॅकमध्ये त्यांचंच लिखाण होतं. म्हणजे ज्यांच्या हक्कासाठी दावा लावला असं वाटावं, तेच म्हणत होते की आमची पानं मुलांना वाचू द्या.

मग हक्क नेमका कोणाचा? इथे कायद्याची तोंडओळख करून घ्यावी लागते, आणि ती बरीचशी गैरसमज खोडण्यातच जाते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, म्हणजे प्रताधिकार अधिनियम. आपण काही लिहिलं, आणि ते आपलं असेल, की त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी लागत नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते इतकंच. "पुस्तकावर ते गोलातलं सी नाही, म्हणजे फुकट" हे मी ग्रंथालयाच्या काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय: चिन्ह असो नसो, हक्क असतोच. संरक्षण मिळतं ते मांडणीला, शब्दांना, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. नाटकाचा विषय आणि सिनेमाचा विषय एकच निघाला म्हणून चोरी होत नाही. दुष्काळावर कादंबरी लिहिली म्हणून दुष्काळ कोणाच्या मालकीचा होत नाही, असं मी मुलांना सांगते.

हक्क लेखकाकडून प्रकाशकाकडे जाऊ शकतो, त्यासाठी लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे मराठीतल्या किती लेखकांना ठाऊक असतं, याची मला शंका आहे. इंग्रजी विद्यापीठीय पुस्तकांत मात्र करार कडक असतात. म्हणून ते ३३ जण पत्र लिहू शकले, दावा मागे घेऊ शकले नाहीत.

मुदत म्हणाल तर लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. १९९१ संपताना त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं होणार, हे दिसल्यावर मुदत वाढवण्यात आली. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे साने गुरुजी. ते जून १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांनी लिहिलेलं कोणीही छापू शकतो. त्यानंतर बाजारात त्यांच्या पुस्तकांच्या किती तऱ्हेच्या आवृत्त्या आल्या ते पुस्तकांच्या कोणत्याही प्रदर्शनात दिसतं.

आता हद्दीचा मुद्दा. कलम ५१ सांगतं उल्लंघन कशाला म्हणायचं, आणि लगेच कलम ५२ सांगतं कशाला म्हणायचंच नाही. ही यादी लांबलचक आहे. त्यातला खंड (ए) खासगी वापर, संशोधन, समीक्षा, बातमीदारी यांसाठी "रास्त व्यवहार" मान्य करतो. खंड (आय) या खटल्याचा नायक. त्याचा आशय असा: शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात, प्रश्नपत्रिकेत, किंवा प्रश्नांच्या उत्तरात कुठल्याही कृतीची प्रत केली तर ते उल्लंघन नव्हे. त्याच्या अलीकडचा खंड (एच) शाळा-कॉलेजांसाठीच्या संकलनांबद्दल आहे. तिथे बंधनं आहेत: लहान उतारे, आणि एकाच लेखकाचे एका प्रकाशकाला पाच वर्षांत दोनच.

प्रकाशकांच्या वकिलांनी जोर दिला तो नेमका इथे. कोर्स पॅक म्हणजे संकलनच, म्हणून तो (एच) खाली येतो, असा युक्तिवाद. आणि (आय) मध्ये "शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने" असं एकवचन आहे. एका शिक्षकाने वर्गात एखाद्याला एखादी प्रत दिली तर ठीक, पण दुकानदाराने पैसे घेऊन शेकडो प्रती काढायच्या हे त्यात कसं बसेल? अमेरिकेत अशाच कोर्स पॅकवरून १९९१ आणि १९९६ मध्ये झेरॉक्सवाले हरले होते, तेही दाखले आले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. निकालातलं एक वाक्य त्यानंतर बरंच गाजलं: कॉपीराइट हा काही अटळ, दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, लोकांची बौद्धिक श्रीमंती वाढावी म्हणून कायद्याने घडवलेली ती व्यवस्था आहे. मला यात धाडसापेक्षा इतिहासच जास्त दिसतो. १७१० साली इंग्लंडमध्ये आलेल्या पहिल्या कॉपीराइट कायद्याच्या नावातच "विद्येला उत्तेजन" हे शब्द होते, आणि हक्काची मुदत होती १४ वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी १४.

एंडलॉ यांनी स्वतःचे दिवस आठवले. आपण कायदा शिकत होतो तेव्हा झेरॉक्स महाग आणि वेळखाऊ होतं. मुलं पाळीपाळीने ग्रंथालयात बसून प्रकरणंच्या प्रकरणं हाताने उतरवून घ्यायची. जे कष्टाने केलं तर गुन्हा नाही, ते यंत्राने सोपं झालं म्हणून गुन्हा कसा ठरेल? आणि विद्यापीठ हेच काम ग्रंथालयात स्वतःचं मशीन लावून करू शकत असेल, तर ठेकेदाराकडून करून घेतल्याने फरक काय पडतो?

दुसरा मुद्दा मला पटतो. पहिला तितका पटत नाही. हात दुखतो, आणि तो दुखणारा हातच इतकी वर्षं प्रकाशकाचं कुंपण होता. शंभर पानं उतरवणारा मुलगा अख्खं पुस्तक कधीच उतरवत नसे. यंत्राने ते कुंपण पाडलं. तेव्हा "तेव्हाही हेच करत होतो" म्हणून प्रश्न मिटत नाही. माझ्या गटावर आलेल्या त्या अंगठ्याच्या पीडीएफचं समर्थन याच वाक्यावर उभं राहू शकतं, आणि राहतंही.

बहुधा म्हणूनच अपिलातला निकाल मला जास्त कामाचा वाटतो. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी तो दिला. त्यांनी प्रकाशकांचे मुद्दे एकेक करून सोडवले. एकवचनात अनेकवचन येतं, कायद्याच्या अर्थ लावण्याचा तो सर्वसाधारण नियमच आहे. शिवाय शिक्षण म्हणजे एक गुरू आणि एक शिष्य असा काळ राहिलेला नाही. "अध्यापनाचा ओघ" म्हणजे घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंतचा तास नव्हे, अख्ख्या सत्रातली शिकण्या-शिकवण्याची प्रक्रिया त्यात येते. कोर्स पॅक (एच) मध्ये बसत नाही, कारण तो खंड प्रकाशनाबद्दल आहे. प्रकाशन म्हणजे नफ्यासाठी लोकांपुढे माल आणणं. ४० पैशांत पान काढून देणारा दुकानदार प्रकाशकाच्या बाजारात उतरलेला नाही. अमेरिकेचे दाखले बाजूला पडले, कारण तिथली कसोटी चार मुद्द्यांची सर्वसाधारण कसोटी आहे, आपल्याकडे शिक्षणासाठी स्वतंत्र खंडच आहे.

मग मर्यादा किती? विद्यार्थ्यांच्या बाजूने कोर्टापुढे आकडे ठेवले होते की पॅकमध्ये प्रत्येक पुस्तकाचा सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास भाग आहे. खंडपीठाने टक्क्यांत जायचंच नाकारलं. या खंडात रास्तपणाची अट शब्दांत लिहिलेली नसली तरी ती गृहीत आहे, आणि ती मोजायची हेतूने: शिकवण्यासाठी जितकं लागतं तितकं रास्त. पानं किती, हा प्रश्न नाही. ग्रंथपाल म्हणून मला आकडा मिळाला असता तर बरं झालं असतं. काउंटरवर एक पाटी लावली की काम झालं. पण विचार केला की कळतं, आकडा चाललाच नसता. चौदा ओळींचं सुनीत शिकवायचं आणि १० टक्क्यांची मर्यादा घातली, तर शिक्षकाने दीड ओळसुद्धा देऊ नये. उलट सातशे पानांच्या कादंबरीतली सत्तर पानं कशाला लागतील, हे कोणीतरी विचारायलाच हवं.

आणि ते विचारायची सोय खंडपीठाने ठेवली. हा भाग बातम्यांत नीट आला नाही. एंडलॉ यांनी दावा पूर्ण फेटाळला होता. खंडपीठाने तो पुन्हा उभा केला. पॅकमधला मजकूर खरोखर अभ्यासक्रमाच्या गरजेपुरता आहे का, आणि अख्खी पुस्तकं झेरॉक्स केली गेली का, या गोष्टींवर पुरावा घेऊन सुनावणी करा, असं सांगितलं. तोवर मनाई नाही, पण दुकानाने किती कोर्स पॅक विकले याचा हिशेब ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी कोर्टात द्यायचा. म्हणजे ज्याच्या नावावर "सगळं माफ" सांगितलं जातं त्या निकालाने प्रत्यक्षात दुकानदाराला हिशेबाची वही ठेवायला लावली होती.

ती सुनावणी झालीच नाही. ९ मार्च २०१७ रोजी तिन्ही प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रिप्रोग्राफिक संस्थेची याचिकाही दाखल करून घेतली नाही. त्यामुळे कायद्याचा अर्थ पक्का राहिला, आणि अख्ख्या पुस्तकाच्या प्रश्नावर पुरावा कधी नोंदला गेला नाही.

आता त्या पीडीएफकडे. दिल्लीच्या निकालात बसायला तिला काय हवं होतं? शिकवणारा किंवा शिकणारा हवा, तो होता. अध्यापनाचा ओघ हवा, तोही होता. पण गरजेइतकंच हवं, आणि तिथे घोडं अडलं. मी विभागातल्या सरांना विचारलं, "सर, अभ्यासक्रमाला यातलं काय आहे?" सर म्हणाले, "दोन प्रकरणं. बाकीचं मुलांनी वाचलं तर चांगलंच आहे की, मॅडम." चांगलं आहेच. पण "चांगलं" आणि "लागतं" यांत जे अंतर आहे, तेवढाच प्रकाशकाचा हक्क शिल्लक राहतो.

शिवाय त्या खटल्यातले वादी कोण होते हे लक्षात ठेवावं. जगभर विकणाऱ्या, शेकडो वर्षं जुन्या संस्था. त्यांच्या एका ग्रंथातलं प्रकरण दिल्लीत झेरॉक्स झालं म्हणून तो ग्रंथ कोणी विकत घ्यायचा थांबत नाही. तो विद्यार्थी तो घेणारच नव्हता. मराठीत समीक्षेच्या पुस्तकाची आवृत्ती काही शेकड्यांत निघते, आणि गिऱ्हाईक कोण, तर मराठीचे प्राध्यापक आणि मराठीचे विद्यार्थी. पीडीएफ ज्या गटांवर फिरते तोच सगळा बाजार. स्पर्धा परीक्षांच्या गाइडची अख्खीच्या अख्खी झेरॉक्स रचून विकणाऱ्या दुकानांचं तर नावच नको. तिथे ना शिक्षक, ना नेमलेली पानं, नुसती विक्री. त्याला कलम ६३ आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड.

उलट बाजूने, आम्हा ग्रंथालयवाल्यांना कायद्याने जे दिलंय ते आम्ही वापरतच नाही. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर विना-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी तीनपर्यंत प्रती करून ठेवता येतात. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रतही ठेवता येते. मराठीतली किती पुस्तकं पहिल्या आवृत्तीनंतर पुन्हा निघालीच नाहीत! गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत त्यांची पानं हात लावला की तुकडे होतात, आणि "कॉपीराइटमुळे स्कॅन करत नाही" असं उत्तर मिळतं. ज्या वाटेवर अडवायला कोणी नाही तिथे आपण थांबतो, आणि बांध असतो तिथून बिनधास्त जातो.

आमच्याकडे शेवटी झालं ते असं. दोन प्रकरणांची ४६ पानं पाठपोट काढली, २३ कागद. वर पुस्तकाचं, लेखकाचं, प्रकाशकाचं नाव आणि पेपरचा क्रमांक असलेलं एक पान लावलं. विद्यार्थ्यांना फक्त कागदाचा खर्च. ग्रंथालयासाठी पाच प्रती मागवल्या. प्रकाशक स्वतःच स्कूटरवरून घेऊन आला आणि बिलावर शिक्का मारायला विसरला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सरांनी गटावरची पीडीएफ काढायला घेतली. पण तोवर तीन-चार दिवस उलटून गेले होते, आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यांना एकच पर्याय दाखवत होतं: "फक्त माझ्यासाठी डिलीट करा".